समुद्र नसलेल्या गावातलं कोळीनृत्य

उमरग्याच्या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, डब्याचा वास लई येतो वो. तेवढं बाहेर बसून खात जावा." डब्यात सुक्या जवळ्याची चटणी होती. तेव्हापासून मी सायकल स्टँडपाशी बसून जेवत होते.

आणि याच माणसाने गॅदरिंगचं कोळीनृत्य माझ्या गळ्यात मारलं. का, तर मी समुद्राकडची. मी मालवणकडची गाबीत, कोळी नव्हे. आमच्या घरात कुणी डोक्याला रुमाल बांधून नाचलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही, हे मी परोपरीने सांगितलं. मासेच धरता ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. पुठ्ठ्याची वल्ही आली. मुली ती झाडूसारखी धरायच्या आणि मी दात-ओठ खात त्यांचे हात सरळ करायचे. म्हणजे यांना आमचा नाच हवा, तोही आमचा नसलेला, आणि आमचं जेवण मात्र दाराबाहेर.

हायवेवर एक पंक्चरवाला आहे, केरळातल्या समुद्रकाठच्या गावचा. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. मोडक्यातोडक्या हिंदीवर निभतं. स्टाफरूममधल्या लोकांनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, तिकडं स्वस्तात रूम मिळते का. त्याने विचारलं, घरचं कोण बोटीवर असतं? माझा भाऊ असतो, पंक्चरवाल्याचा पुतण्या असतो. मग स्कूटीचं चाक धड असलं तरी मी तिथे थांबू लागले. होडी आली का, एवढंच एकमेकांना विचारायचो. गावाहून आला की तो सुका बांगडा आणायचा. खारवलेला अगदी आईच्या हातचा वाटायचा.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी वादळ उठलं, पंक्चरवाल्याच्या किनाऱ्यावरून वर माझ्या किनाऱ्याकडे. माझा भाऊ आणि त्याचा पुतण्या, दोघांच्याही होड्या बाहेर, दोघांचेही फोन बंद. स्टाफरूममध्ये चर्चा एकच, ढग आलेत, मांडव भिजेल का. मी रजा मागितली. "तुमच्याबिगर कोळीनृत्य कोन बगनार?" मुख्याध्यापक म्हणाले आणि माझा अर्ज घडी करून परत दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. भाऊ परतला होता. त्याच्या मागोमाग केरळकडच्या दोन होड्याही आमच्या खाडीत आसऱ्याला शिरल्या होत्या. "पोरां दमान इलीत. पेज घातलंय त्येंका," आई म्हणाली. मी स्कूटी पळवली आणि फोन पंक्चरवाल्याच्या हातात दिला. आमच्या पडवीत पेज पिणारा कुणी एक पोरगा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलला. ऐकता ऐकता तो टायरवर खाली बसला. मग मोडक्या हिंदीत त्याने मला सांगितलं, पुतण्याची होडी त्यांच्यासोबतच निघाली होती, पण काल संध्याकाळपासून दिसली नव्हती. मग आई पुन्हा फोनवर आली आणि म्हणाली, भाऊ तिला शोधायला परत बाहेर गेलाय. अंगावरचे कपडे वाळले नव्हते त्याचे.

तेवढ्यात शाळेतून फोन. मुलींची लुगडी सुटताहेत, या.

नाच झाला. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी माइकवरून मला बोलावलं आणि हसत विचारलं, वादळ आलं की आपले कोळी बांधव काय करतात, मुलांना सांगा.

"वाट बघतात," मी म्हणाले. "माझा भाऊ आत्ता समुद्रात आहे. ज्याला शोधतोय त्याचा काका तुमच्या हायवेवर बसलाय. मी त्याच्याकडे चालले. आम्हाला बाहेर बसायची सवय आहे."

यालाही टाळ्या पडल्या. भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना शिकवलेलं.

दिवेलागणीला आईचा फोन आला. होडीचं इंजिन बंद पडलं होतं, भावाने ती दोर बांधून ओढत आणली होती. सगळे जिवंत होते. पंक्चरवाल्याने भावाचं नाव विचारलं आणि ते पाठ होईपर्यंत माझ्याकडून म्हणून घेतलं.

सोमवारी मुख्याध्यापक खुशीत होते. पुढच्या वर्षी नाचात वादळाचा सीन घालू, लोकांना आवडेल, असं त्यांचं चाललं होतं. मी स्टाफरूममध्येच त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि डबा उघडला. आत पंक्चरवाल्याने दिलेला बांगडा होता. त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी जेवायला सुरुवात केली.