उशाकडची भिंत

माझ्या धाकट्या भावाला घरात भिंतफोड्या म्हणतात. नाव मीच ठेवलंय. लोकांच्या चांगल्या रंगवलेल्या भिंती कापायच्या आणि आत स्पीकर बसवायचे, हा त्याचा धंदा. कुठेही गेला तरी आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघणार. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्यात डॉक्टर सांगत होते की वाचा परत येईल याची खात्री नाही, आणि हा शहाणा मागे उभा राहून भिंत वाजवत होता. मी असा चिमटा काढला की कळवळला. मग बघते तर त्याचे डोळे भरलेले. मलाच कसंतरी झालं.

कामाला मात्र चोख. झटक्याच्या तीन-चार महिने आधी शेजारच्या वहिनींच्या हॉलमध्ये त्यानं दोन स्पीकर बसवले. आमची आणि त्यांची भिंत एकच. दोन बाजूंना जिप्समचे दोन पातळ बोर्ड आणि मध्ये चार बोटं पोकळी. त्या दिवशी बाबा स्वतःच्या पायांनी काम बघायला गेले होते. यानं कागदाचा साचा भिंतीला चिकटवला, पेन्सिल फिरवली, चौकोन कापला, आतून वायर ओढली. स्पीकरच्या चौकटीला चार पाय असतात. स्क्रू पिळला की ते आत उघडतात आणि बोर्डाला मागून घट्ट धरतात. वर चुंबकानं बसणारी जाळी, तिला भिंतीचाच रंग. स्पीकर कुठे आहे ते सांगितल्याशिवाय कळू नये.

"मागे काहीच नाही? पेटी वगैरे?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तसा मागेही जातो," हा मास्तर झाला. "जेवढा आवाज पुढे, तेवढाच मागे. स्पीकर उघड्यावर ठेवला तर मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्यालाच खातो. बेस उरत नाही. म्हणून पेटी लागते. इथे भिंतच पेटी! वेगळी पेटी लावून आवाज कशाला कोंडायचा? ही सगळी पोकळी मिळाली की बेस कसा घुमतो बघा."

घुमला खरंच. बाबा तर इतके खूष झाले की जेवताना दोनदा सांगितलं.

मग झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीला स्वयंपाकघराची वाट. पलंग लावायला उरली ती हीच भिंत. रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास पलीकडे गाणी लागायची आणि आमची भिंत धुम धुम करायला लागायची. बाबा लांब, खोल आवाजात कण्हायचे. दुखतंय का विचारलं तर नुसतं बघायचे. डॉक्टरही म्हणाले, सांगता येत नाही. पण आम्हाला काय ते कळलं होतं. गाणी लागली की बाबा कण्हतात.

भावानं एकदा भिंतीला कान लावला आणि त्याचा चेहराच पडला.

"ताई, पेटी न लावता बसवले गं मी. मागचा सगळा आवाज बाबांच्या डोक्यात जातोय."

त्यानं भिंतीला गादी टेकवली. पलंग फिरवून बाबांचे पाय भिंतीकडे केले. काही उपयोग नाही. बेसला गादी म्हणजे काहीच नाही म्हणे. मी म्हटलं, "अरे, जाऊन सांग त्यांना!" तर, "कुठल्या तोंडानं सांगू? काम माझंच आहे." आठ दिवस असे काढले त्यानं. बाबा कण्हायला लागले की हा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. शेवटी माझं डोकं फिरलं. हाताला धरून ओढतच नेला त्याला.

"घरात आजारी माणूस आहे, एवढं कळू नये?" दार उघडल्या उघडल्या मी तोफ डागली.

वहिनींनी दार मागे लोटून घेतलं. "ताई, रागावू नका. कसं सांगू तुम्हाला? आम्ही हौसेनं नाही लावत गाणी. बाबा कण्हायला लागले की या जाळ्यांतून सगळं ऐकू येतं. अगदी खोलीत असल्यासारखं. मुलगी परीक्षेचा अभ्यास सोडून रडत बसते. म्हणून लावतो."

आम्ही त्यांना काय काय बोललो होतो घरात! लाज वाटली हो.

भाऊ मात्र हटून बसला. "वहिनी, आधी गाणी लागतात, मग बाबा कण्हतात."

"नाही हो. आधी बाबा."

"नाही, आधी गाणी!" लहान मुलासारखा भांडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिकडे गेला. जाळ्या काढल्या, स्क्रू सैल करून स्पीकर बाहेर घेतले. म्हणाला, त्या भोकाशी तोंड नेलं तर बाबांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आत पक्क्या पेट्या बसवल्या, भोवती लोकर कोंबली, फटी बुजवल्या. मग गाणं मोठ्यानं लावून धावत आमच्याकडे आला. मी भिंतीला हात लावून उभीच होते. हाताला जेमतेम काहीतरी जाणवत होतं. किती महिन्यांनी हसला तो!

"आता बघ ताई, बाबा शांत पडतील."

पाच वाजले. पलीकडे गाणी लागली नाहीत. त्यांना आता गरजच नव्हती. भाऊ पलंगाशेजारी खुर्ची ओढून बाबांच्या तोंडाकडे बघत बसला. मी मनातल्या मनात हात जोडले होते. पाच-दहा मिनिटं गेली असतील. बाबांनी डोळे उघडले आणि कण्हायला लागले. तसेच, तेवढ्याच जोरात.

भाऊ उठला. भिंतीला कान लावला. मग पलंगावर गुडघा टेकून आणखी वर लावला, मग खाली लावला.

"काहीतरी येतंय अजून. ताई, तू ऐक."

मी कान लावला. भिंत थंड होती. पलीकडून काही म्हणजे काही येत नव्हतं.

"येतंय ना गं? बारीक? सांग ना!"

त्याच्या तोंडाकडे बघवेना मला. "हो," मी म्हटलं. "येतंय थोडं."

"तरी म्हटलं! एखादी फट राहिली असणार." त्यानं हत्यारांची पिशवी उचलली आणि तो घाईघाईनं शेजारी गेला. मी बाबांचा हात धरून बसले. ते कण्हतच होते.