बिबट्या माझा नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — का, ते मलाही नीट कळत नाही.

माझा चेहरा तुम्ही पाहिला असेल. नाव आठवणार नाही, पण गालावरचे आडवेतिडवे व्रण, चेपलेलं नाक — सिनेमातला तो दरोडेखोर, तो जेलर, नायकाला ढाब्यावर बदडणारा तो ट्रक ड्रायव्हर. तीस वर्षं या चेहऱ्यानं मला पोसलं. आणि काय थाटात पोसलं! डहाणूत पहिल्या नाटकात मी नुसतं वळून पाहिलं, तर पुढच्या रांगेतल्या एका मुलानं भोकाड पसरलं. तशी दाद पुन्हा मिळाली नाही.

त्या नाटकाच्या तालमीत दिग्दर्शकानं विचारलं होतं, "चेहऱ्याला काय झालं रे?"

"बिबट्या," मी म्हणालो. "झुंजलो त्याच्याशी."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग नोकराची भूमिका काढून घेतली आणि मला दरोडेखोर केलं. पुढे प्रत्येक मुलाखतीत हा बिबट्या आला. दर वर्षी थोडा मोठाही होत गेला.

झुंज झाली होती, हे खरं. पण कुणाची?

आमच्या सायवनच्या डोंगरावर मी आणि माझी मोठी बहीण जानूताई शेळ्या घेऊन गेलो होतो. मी सतरा वर्षांचा, चांगला दांडगा. बिबट्यानं शेळी धरली. ताई कोयता घेऊन धावली. मी? — मीही धावलो. उलट्या दिशेनं. करवंदीच्या जाळीत तोंडावर आपटलो, दगडावर नाक फुटलं. काट्यांतून मान वळवून पाहिलं, तर ताई कोयता उगारून त्याला शिव्या घालत होती आणि तो मागे सरत होता. शेळी वाचली. घरी लोकांनी माझं रक्त पाहिलं आणि ठरवूनच टाकलं — पोरगा झुंजला! मी गप्प राहिलो. तीही.

गेल्या हिवाळ्यात डहाणूत माझा सत्कार झाला. निवेदकानं बिबट्या अगदी रंगवून सांगितला. सगळ्यांत जोरात टाळ्या ताईच्या. परतताना जीपमध्ये मी विचारलं, "ताई, तू कधी बोलली का नाहीस?"

ती हसतच सुटली. "अरे, तू एवढ्यानं बोंबललास, त्यालाच तर तो बिचकला. निम्मा तुझाच की!"

मी बोंबललो नव्हतो. माझ्या तोंडून आवाजच फुटला नव्हता. तिलाही ते ठाऊक आहे.

परवा तलासरीत एका पोरीनं मोबाइल समोर धरून चेहऱ्याबद्दल तोच प्रश्न विचारला. ताईचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. तरी मी बिबट्याच सांगितला, हाताचा पंजा करून. आणि सांगताना मला मजा आली — तेही लिहून ठेवतो.