तिघा लेकरांच्या गोळ्या

आंधळगावच्या कौशल्याबाईला कोणी तब्येत विचारली की उत्तर ठरलेलं. "मले का होते? मी टणटणीत आहो!" खोटं, साफ खोटं. चाळीस वर्षं मांडीवर घासून घासून कोशाच्या रेशमाचा धागा काढलेली बाई ती. कंबर गेली, गुडघे गेले, उठताना भिंत धरावी लागते. पण कबूल करेल तर शपथ! नवरा यादोराव हातमागावर विणायचा, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. थोरला कैलाश पुण्याला कंपनीत, धाकटा धनंजय सुरतला कापडाच्या मिलमध्ये, लेक गुड्डी रायपूरला सासरी. घरात ती एकटी आणि एक मोबाइल.

फोनवर पोरं विचारायची, "आई, येऊ का?" आणि ही शहाणी म्हणायची, "कायले येता बापा? सुट्ट्या नोको मोडू." फोन ठेवला की मात्र अर्धा तास तशीच बसून राहायची. जीव नुसता तुटायचा तिचा, पण तोंडातून शब्द काढायची नाही.

मग पोरं औषधं पाठवत. कैलाशने कुरिअरने पांढऱ्या गोळ्या पाठवल्या, धनंजयने गावाकडे येणाऱ्या एका माणसाच्या हाती निळ्या, आणि गुड्डीने सर्दी-अंगदुखीच्या पिवळ्या. सगळ्या दुकानात डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या. कौशल्याबाईने त्यात आपला एक नेम बसवून टाकला. एकाची घ्यायची आणि दुसऱ्याची ठेवायची, हे आईला शोभतं का? तेव्हा घ्यायची तर तिघांचीही एकेक. "हे कैलाशची, हे धनंजयची, हे माह्या गुड्डीची," म्हणत ती पाण्याबरोबर गिळायची. तेवढा वेळ घर भरल्यासारखं वाटायचं तिला. आता या मायेला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एरवी हे महिन्यातून एखाद्या वेळी चालायचं. पण यंदा दिवाळीनंतरच्या मंडईला येतो, असं तिघांनीही म्हटलं. मंडई म्हणजे गावची जत्रा. त्या दिवशी आमच्याकडे ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला जेवण गोड लागत नाही. झालं! बाईच्या अंगात वारं शिरलं. अंगण सारवलं, भांडी घासली आणि स्टुलावर चढून स्वतःच भिंती रंगवायला घेतल्या. कंबर ठणकली की तीन गोळ्या. पुन्हा ठणकली की पुन्हा तीन. असं दिवसातून चार-पाच वेळा, सलग तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावची आशा सेविका रक्षा घरोघर चौकशी करत तिच्याकडे आली, तेव्हा हिच्या तळहातावर तीन रंगांच्या तीन गोळ्या होत्या.

"थांब काकी! काय घेऊन राहिली?"

"गोळ्या. तिघा लेकरांच्या."

रक्षाने गोळ्यांची पाकिटं उलटवून मागची बारीक अक्षरं वाचली. तिचा चेहरा पडला. "काकी, नावं तीन आहेत, पन आतली दवाई एकच आहे. तिघांतही पॅरासिटामॉल! किती झाल्या आतापर्यंत?"

"लय झाल्या असतीन."

हे ऐकून शेजारची गोदावरीबाई मिठाचं पाणी घेऊन धावत आली. "पाजा हिले. उलटी झाली का सारं निंघून जाईन."

"बिलकुल नाही!" रक्षाने पेला बाजूला सारला. "उलटी नाही, काढा नाही, काहीच नाही. सरळ दवाखाना."

"पन मले काही होऊनच नाई राहिलं वो," कौशल्याबाई म्हणाली. "थोडं मळमळते, बस."

"या दवाईचं तसंच असते काकी. आधी काही समजत नाही अन् आतून लिव्हर जाते. दुखाची वाट पाहाची नसते."

"अन् भिंत? अर्धीच झाली. चार दिवसांनी पोरं येतीन..."

"तू राहशीन तवाच तं भेटतीन ना!" रक्षा ओरडली. रक्षाने १०८ ला फोन लावला, तिन्ही पाकिटं पिशवीत घातली आणि शेवटच्या गोळ्या किती वाजता घेतल्या ते विचारून लिहून घेतलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात रक्त काढलं, हाताला सलाइन लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाकिटं सोबत आणली ते फार चांगलं केलं. उताऱ्याचं औषध सुरू केलंय. पण धोका टळला असं आज नाही सांगता येणार. रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल."

"अन् कंबर दुखली तं?"

"शेक घ्या, आराम करा. आम्हाला विचारल्याशिवाय गोळी नाही."

कौशल्याबाईने विचारलं, "मंग तिघांतून कोनाची घेऊ?"

"कोणाचीच नाही, आजी."

आणि बाईला रडूच कोसळलं. नर्सला वाटलं सुई दुखली. सुईचं काय घेऊन बसलात! तीन दिवस गोळ्यांच्या नावाने जी लेकरं घरात होती, ती एका वाक्यात निघून गेली होती.

संध्याकाळी धनंजयचा फोन आला. रक्षाकडून कळल्यामुळे घाबरलेला होता. "आई, कसं वाटते? कोनती दवाई पाठवू? पैसे टाकू?"

'मी टणटणीत आहो' हे तोंडापर्यंत आलंच होतं. तिने ते गिळलं. "काही नोको पाठवू. तू ये. तिघंही या. मले तुमची लय आठवन येते रे. एकटीनं राहावत नाई आता."

धनंजय मिलच्या खडखडाटातून बाजूला गेला. मग हळूच म्हणाला, "आई, दर वेळी तं तूच नोको येऊ म्हनत होती."

"मी तं म्हनत होती," कौशल्याबाई म्हणाली. "तू काहून आयकत होता?"