पट्टे बाबांच्या मापाचे

मंडळी, आज सकाळी लेकीसाठी बेबी कॅरियर घ्यायला टावर चौकात गेलो होतो. चिऊ सात महिन्यांची आहे. मला रोज क्षिप्रेच्या काठाने लांब चालायची सवय, आता तिलाही सोबत न्यायचंय. "बघू तरी काय असतं ते," म्हणत बाबाही आले.

पहिलं कॅरियर खांद्याला काचलं. दुसऱ्याला कमरेचा रुंद पट्टा होता, वजन सगळं कमरेवर, एकदम आराम. पण पाठीमागचं बक्कल कसं लावायचं ते मला कळेना. दुकानदार बाबांना म्हणाला, "अंकलजी, आप पहन लो, भैया देख के समझ जाएंगे."

मला वाटलं, बाबा झिडकारतील. त्यांनी निमूट हात पुढे केले. दुकानदाराने पट्टे आवळले, मी चिऊला आत बसवलं. तिने त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात धरलं आणि बघता बघता झोपली.

"काढायचं का, बाबा?"

"राहू दे. झोपलीय ती."

माधव नगरला घरापर्यंत बाबा तसेच पायी आले. मी मागून डायपरची पिशवी घेऊन. वाटेत म्हणाले, "आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल उचलायची पद्धत नव्हती रे. तुझे आजोबा घरात असले, की तू रडायचास आणि मी नुसता ऐकत बसायचो."

तुमच्याकडेही होती का हो ही पद्धत?

उद्या सकाळी फिरायला निघायचंय. पट्टे अजून बाबांच्याच मापाचे आहेत. बदलायला माझा हात धजत नाहीये.