नो क्लेमवाले काका

भोपाळ शहरात सही या गोष्टीला अजून काही अर्थ उरला असेल, तर तो आनंद नगरातल्या एका निवृत्त माणसाने एकट्याच्या जिवावर टिकवून धरला आहे, असं माझं ठाम मत आहे. बाकी आपण सगळे सह्या ठोकतो. बँकेत, शाळेत, कुरिअरवाल्याच्या वहीत, समोरचा जिथे बोट ठेवेल तिथे. काका सही करत नसत, साक्ष देत. पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, त्यांचं आणि आमचं क्वार्टर भिंतीला भिंत लावून होतं. कारखान्यात ते इन्स्पेक्शनला. म्हणजे दुसऱ्यांनी घडवलेला तुकडा मापायचा, ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ लिहायचं आणि खाली सही करायची. तीस-बत्तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला सगळं जगच टेबलावर तपासणीला आल्यासारखं दिसत असावं. त्यांच्या मुलाचं प्रगतिपुस्तक एकदा सही न होता शाळेत परत गेलं, कारण बेरजेत एक गुण जास्त धरला होता. मुलगा रडला, बाई चिडल्या, गुण कमी झाला आणि मग सही झाली. कुरिअरच्या वहीत ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं छापलेलं असतं, म्हणून ते आधी पार्सल उघडत, वस्तू चालवून पाहत आणि तोवर कुरिअरवाल्याला चहा देत. त्या भागातले कुरिअरवाले त्यांचं पार्सल मुद्दाम चारच्या सुमाराला आणत. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका वर्षी स्वयंसेवकांच्या फॉर्मवर ‘मी कार्यक्रम संपेपर्यंत थांबेन’ असं वाक्य होतं. काकांनी त्यावर सही केली. विसर्जन होऊन दोन दिवस झाले तरी मंडपाचा शेवटचा बांबू निघेपर्यंत ते रोज हजर होते.

माझे बाबा युनियनमध्ये. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची आणि बाराखडी मी मागण्यांच्या यादीवर गिरवलेली. त्यामुळे काका मला ‘पत्रकबाई’ म्हणत. “पत्रकबाई, आज कोणाचा निषेध?” हा त्यांचा नमस्कार. बाबांच्या युनियनचं त्यांना कधी पटलं नाही, पण पत्रक मात्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत आणून देत. निवृत्तीनंतर ते आनंद नगरला घर बांधून गेले. सायकलवर दहा मिनिटांचं अंतर. मग निषेधाचे विषय मीच त्यांच्या घरी पोचवू लागले.

पण आम्हां दोघांना खऱ्या अर्थाने एकत्र आणलं ते त्यांच्या गाडीच्या विम्याने. गाडी छोटी, पांढरी, आणि त्यांच्या मते निर्दोष. रायसेन रोडवर ते ती चाळीसच्या वर नेत नसत. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून थकत, शेवटी बाजूने निघून जात, आणि जाताना खिडकीतून भोपाळी भाषेत जे म्हणत ते इथे लिहिता येणार नाही. पॉलिसी घेतल्यापासून काकांनी एकदाही क्लेम घेतला नव्हता. गाडीला ओरखडा आला, बंपरला पोचा पडला, तर खिशातून दुरुस्ती. त्यामुळे दरवर्षीच्या कागदावर ‘नो क्लेम बोनस’ या ओळीत नियमाने मिळू शकते तेवढी सगळी सूट असायची. ती ओळ ते पाहुण्यांना दाखवत. लोक दिवाणखान्यात मुलांची पदकं लावतात, काकांकडे पॉलिसीची झेरॉक्स होती.

आणि तरीही नूतनीकरणाचा महिना आला की त्यांचं माथं फिरायचं. माझंही फिरायचं, आणि मला आजही वाटतं की आमचा राग रास्त होता. काय पाहून ठरवतात हो हा हप्ता? गाडी कोणत्या साली बनली, इंजिन किती मोठं, कोणत्या शहरात नोंदली, जादा संरक्षण कोणतं घेतलं, गेल्या वर्षी क्लेम झाला का. माणूस गाडी कशी चालवतो, याला कागदावर जागाच नाही. सिग्नल तोडून, फुटपाथवरून मोटार नेणारा एखादा नेतापुत्र आणि झेब्रा पट्टीच्या चार हात मागे थांबणारे आमचे काका, दोघांच्या गाड्या सारख्या असतील आणि दोघांनी क्लेम घेतला नसेल, तर दोघांचा हप्ता सारखा. शिवाय गाडीची विम्यातली किंमत दरवर्षी घटणार, आणि दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा जो सक्तीचा भाग असतो तो आपल्या हातात नसणार. काका काउंटरवर विचारत, “क्लच नवा टाकलाय, टायर नवे आहेत. गाडी मागच्या वर्षीपेक्षा चांगली आहे. मग किंमत कमी कशी?” कारकून म्हणायचा, “सर, घसारा.” काका म्हणायचे, “घसारा तपासून लावता की कॅलेंडर बघून?” मी मागे उभी राहून मान डोलवत असे.

त्या वर्षी जुन्या कंपनीने हप्ता आणखी वाढवला, तेव्हा कंपनीच बदला असा आग्रह मी धरला. हबीबगंजकडच्या एका दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसातून फॉर्म आणला. फॉर्म इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. काका व्हरांड्यात आरामखुर्चीत, मी पायरीवर. मी एकेक प्रश्न मराठीत वाचायचा, त्यांनी उत्तर द्यायचं, मी लिहायचं, असं चाललं होतं. त्यात मध्येच एक अट आली की माहिती चुकीची निघाल्यास कंपनी जबाबदार नाही, आणि मी पेटले. कंपनी कशालाच जबाबदार नाही, जबाबदार फक्त आपण, हे काय राज्य आहे, वगैरे माझं सुरू झालं. त्याच तावात पुढचा प्रश्न वाचला.

“गेल्या बारा महिन्यांत कोणताही क्लेम घेतला आहे का?”

“कोणताही, असं आहे?” काकांनी विचारलं.

“हो, कोणताही.”

“मग होय. एक.”

मी ‘होय, एक’ लिहिलं आणि पुन्हा त्या अटीकडे वळले. काकांनी खाली पूर्ण नाव, तारीख आणि वेळ घालून सही केली.

आठवड्याने नव्या कंपनीचा आकडा आला तो जुन्याहूनही किती तरी जास्त. नो क्लेमची सूट शून्य. काका त्या शून्याकडे बघत बसले. मी त्याच संध्याकाळी एक पत्रक लिहून काढलं. शीर्षक होतं ‘प्रामाणिकपणाला शून्य’. त्यात मी विमा कंपन्या, भांडवल, नोकरशाही यांना एका दमात सोलून काढलं होतं. काकांनी ते वाचलं, दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि म्हणाले, “छान आहे. उद्या जाऊ.”

काउंटरवर एक तरुण बाई होती. मी पत्रक तिच्यापुढे ठेवलं आणि बोलत सुटले. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फॉर्म काढला.

“मैडम, ये देखिए. अंकल ने ख़ुद लिखकर दिया है, क्लेम लिया है.”

अक्षर माझं होतं. मी काकांकडे पाहिलं.

“कौन-सा क्लेम था अंकल?”

“मिसेस के घुटने का,” काका म्हणाले. “ऑपरेशन हुआ था. मेडिकल में क्लेम डाला था, पास हुआ.”

बाईने पेन खाली ठेवलं. टाउनशिपमध्ये जन्म घालवलेल्यालाच हे कळेल. आमच्याकडे क्लेम म्हणजे दौऱ्याचा क्लेम, सुटीतल्या प्रवासाचा क्लेम, दवाखान्याच्या बिलाचा क्लेम. गाडी त्या यादीत शेवटी कुठे तरी. पण मी तरी टाउनशिपमध्येच वाढलेली, मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण मी भाषण करत होते.

“कोई बात नहीं,” बाई म्हणाली. “एक एप्लिकेशन दे दीजिए कि जानकारी ग़लत दी गई थी. पुरानी कंपनी से कन्फ़र्म करके हम बोनस लगा देंगे.”

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण काकांनी विचारलं, “ग़लत कैसे? आपने ‘कोई भी क्लेम’ पूछा. मैंने कोई भी बताया. जानकारी सही है. सवाल अधूरा है.”

“अंकल, गाड़ी के फॉर्म में घुटना कौन लिखता है?”

“तो छापिए कि गाड़ी का क्लेम.”

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की स्वतःची चूक मी विसरूनच गेले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, लिहून देऊ नका. आज एक शब्द सोडला तर उद्या सगळंच सोडावं लागेल.” ते म्हणाले, “खऱ्या उत्तराला खोटं म्हणून सही? माझ्याकडून नाही होणार.” आम्ही दोघं एखादा संप यशस्वी झाल्यासारखे घरी आलो.

तीन दिवसांनी जुन्या पॉलिसीची मुदत संपली. वाढीव हप्ता भरून तीच पुढे चालवणं आम्हां दोघांनाही माघार वाटत होती. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणं काकांच्या कायद्यात बसत नव्हतं. गाडी फाटकाच्या आत उभी राहिली, आणि तिच्याबरोबर काकूही.

काकू दर शनिवारी हबीबगंजजवळ मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवत. आमच्याकडची मुलं घरात मराठी ऐकतात आणि तोंडाने ‘मला भूक लग रही’ म्हणतात. अशा चौदा-पंधरा मुलांना पुढ्यात घेऊन काकू दोन तास बसत. गुडघ्यामुळे सिटी बसची पायरी चढवत नसे आणि रिक्षाच्या धक्क्यांनी दुसऱ्या दिवशी पाय सुजायचा. काकांची चाळीसच्या वेगाची गाडी हेच त्यांचं वाहन. एक शनिवार गेला. दुसऱ्या शनिवारी रिक्षाने जाऊन पाहिलं, तर पुढचे चार दिवस झोपून काढावे लागले. तिसऱ्या शनिवारी मी गेले तेव्हा काकू व्हरांड्यात मेथी निवडत होत्या आणि काका आत जुन्या कंपनीला पत्र लिहीत होते.

“काय म्हणतोय तुमचा लढा?” काकूंनी विचारलं.

मी सांगायला लागले. ग्राहक मंच, वर्तमानपत्राला पत्र, फॉर्मवरचा प्रश्न बदलून घेणं. त्या मेथी निवडत राहिल्या.

“मंडळातून फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “शनिवारचा हॉल ट्यूशनवाल्यांना हवाय. अजून दोन आठवडे थांबतो म्हणाले. काही मुलांनी यायचं सोडलंय. एकदा सुटली की परत येत नाहीत गं ती.” मग आत ऐकू जाईल अशा बेताने आवाज चढवून म्हणाल्या, “तुमचं दोघांचं तत्त्व झालं की मला सांगा. घाई नाही.”

अन्याय कुठे तरी मोठ्या इमारतीत बसलेला असतो आणि आपण त्याच्या दारावर धडका देत असतो, एवढंच मला शिकवलं गेलं होतं. व्हरांड्यात मेथी निवडणाऱ्या बाईवर तो आपण करत असू, याचं पत्रक कोणी काढलं नव्हतं. मी आत जाऊन म्हटलं, “काका, मी लिहून देते. फॉर्म मी भरला, प्रश्न मी नीट विचारला नाही. माझी चूक.”

“सही कोणाची आहे?”

“तुमची.”

“मग तू कोण?”

सोमवारी ते एकटेच ऑफिसात गेले. अर्जात त्यांनी काय लिहिलं ते मला काउंटरवरच्या बाईकडून नंतर कळलं, मी कागद न्यायला गेले तेव्हा. ‘मला कमी ऐकू येते. विचारलेला प्रश्न मी नीट ऐकला नाही, त्यामुळे उत्तर चुकले.’ खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ. माझा उल्लेख कुठेच नव्हता. मी तो प्रश्न त्यांच्यापासून दोन हातांवर बसून, घसा फोडून वाचला होता. तीस-बत्तीस वर्षं एकही खोटा तुकडा पास न करणाऱ्या माणसाने माझ्यासाठी आणि शनिवारच्या त्या हॉलसाठी एक खोटं वाक्य पास केलं होतं. मला कंपनीचा इतका राग आला की तिथेच रडू आलं. बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, “बोनस लग गया है, मैडम. पूरा.” गाडीची तपासणी झाली, फोटो काढले गेले, नवी पॉलिसी आली.

पण काका बेचैनच होते. पॉलिसीची झेरॉक्स त्यांनी या वेळी भिंतीवर लावली नाही. चार दिवसांनी ते टाउनशिपच्या दवाखान्यात गेले आणि कान तपासून घेतले. का, असं मी विचारलं तर म्हणाले, “सही केलीय. खरी आहे की नाही ते बघायला नको?”

रिपोर्ट त्यांनी माझ्या हातात दिला. उजवा कान बराच गेला होता, डावाही निघण्याच्या वाटेवर होता. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, सही खरी निघाल्याची. मग ते खुर्चीत बसले आणि रिपोर्टची घडी घालत राहिले. तो कागद आणखी बारीक होईना, तरी घालत राहिले.

त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर हॉलवर गेले. हॉल अजून मंडळाकडेच होता आणि नऊ मुलं येणार होती. काकू पुढे काकांशेजारी, मी मागे. रायसेन रोडला लागल्यावर काकू रस्त्याकडे बघत, कसलाच जोर न देता बोलू लागल्या. “मागे ट्रक आहे. डावीकडून स्कूटर येतेय. जाऊ द्या तिला. आता मागे बस आहे.” आवाजात घाई नव्हती, नवेपणाही नव्हता. रोज पोळ्या लाटणारा हात जसा चालतो तशी ती वाक्यं येत होती. किती वर्षं हे चाललं होतं कोण जाणे. कानांचं काकूंना माहीत होतं, काकांना माहीत नव्हतं, आणि काकूंनी कधी ते शब्दांत काढलं नव्हतं.

मागून बसने हॉर्न दिला, चांगला लांबलचक. काका सरळ समोर बघत होते.

“अहो, बस,” काकू म्हणाल्या.

काकांनी गाडी हलकेच डावीकडे घेतली. “ऐकलं,” ते म्हणाले, आणि काकूंनी मान हलवली.