तळेगावच्या ओट्यावर सुखाचा निकाल

मामाजींना नागपूरला घेऊन यायचंच, असं संक्रांतीच्या आधी माझ्या बायकोनं, शालूनं ठरवलं आणि सामान उचलायला मला सोबत घेतलं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मामाजी म्हणजे माझे सासरे, निवृत्त मास्तर, त्यात ग्रीक तत्त्वज्ञानाचं वेड. सासूबाई गेल्यापासून अमरावती रस्त्यावरच्या तळेगावला एकटेच. बाबा वेळेवर जेवत नसणार, याची शालूला खात्रीच होती.

कुणाला जायचं असेल तर अमरावतीकडची सकाळची एस.टी. पकडा आणि डावीकडच्या खिडकीशी बसा, कोवळं ऊन मिळतं. कोंढाळीनंतर संत्र्यांच्या बागा लागतात. कारंज्याला तर्रीतला आलुबोंडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझे पैसे तिकिटापेक्षा बोंड्यांवरच जास्त गेले, शालू तोंड फिरवून बसली.

मामाजी मात्र चांगले गुटगुटीत निघाले. "बरं झालं जावईबापू, आजच आले. संध्याकाळी बैठक हाय."

बैठक किराणा दुकानाच्या ओट्यावर. मामाजींनी कधीतरी या मंडळींना सांगितलं होतं की, जुन्या ग्रीकांच्या मते आयुष्य पुरं झाल्याशिवाय कुणाला सुखी म्हणू नये. मंडळींनी ते फारच मनावर घेतलं. गावात कुणी गेलं आणि त्याची तेरवी झाली की, तो सुखी होता की नाही, याचा ओट्यावर बसून निकाल लावायचा. त्या दिवशी पाळी रामभाऊ शिंप्याची होती.

गरम हुरडा आला, चटणी आली. दुकानदार गणपतराव म्हणाले, "पोरगी रुसून गेलती त्याची. कायचा सुखी?"

"पन मशीनवर बसला का गानं म्हने," बागाईतदार वामनराव म्हणाले. "काम गोड लागे त्याले."

"ग्रीक बी हेच म्हनत," मामाजी म्हणाले. "आपलं काम मन लावून करनं, थेच सुख. आन् शेवटी पोरगी वापस आली ना?"

निकाल लागला, रामभाऊ सुखी. मला हसू येत होतं आणि शालूचे डोळे भरले होते. तरी तिनं सांगून टाकलं, "बाबांना उद्या नेतोय आम्ही."

गणपतराव कणीस चोळत म्हणाले, "न्या ना बाई. पन मास्तर तिकडं गेले, तं त्यायचा निकाल कोन लावन?"

मामाजी लेकीच्या शब्दाबाहेर नव्हते, पिशवी भरून बसले होते. सकाळी शालूनंच ती रिकामी केली आणि सदरे खुंटीला लावले. "महिन्यातून एकदा आपणच येत जाऊ," गाडीत ती म्हणाली. तिला हलकं वाटत होतं, मलाही.

नागपूरला पोचलो. आमच्या दाराशीच समोरच्या घरातले गृहस्थ भेटले आणि नेहमीसारखी मान हलवून जिना उतरू लागले. इतकी वर्षं समोरासमोर राहून मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. आमचा निकाल लावायला इथे कोण बसणार, हा विचार मनात आला.

"अहो," मी हाक मारली, "चहा टाकतोय, येता का?"

"येतो की," म्हणत ते उतरलेल्या दोन पायऱ्या चढून परत वर आले.