उताणी चालणारी अळी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या काकांइतका, भित्रा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. अंबाजोगाईच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, पण बेडूक कापायची वेळ आली की दुसऱ्या सरांना बोलावून स्वतः व्हरांड्यात उभे राहायचे. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहाला उतरले, तर एसटी आपल्याला सोडून जाईल या धास्तीनं चहा पिणाऱ्या ड्रायव्हरला चिकटून त्याच्याच बाकावर बसायचे. कुत्रं, वीज, लिफ्ट, सगळ्यांची भीती. किडे मात्र बिनदिक्कत तळहातावर घ्यायचे.

कडा गावाजवळ आमचं शेत आहे. एका वर्षी हुमणी अळीनं मुळं खाल्ली आणि उसाचा अर्धा पट्टा वाळून गेला. ओढलं की ऊस अलगद हातात यायचा. त्यामुळे पुढच्या हंगामात शेणखताच्या ढिगातून बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या गडगडल्या, तेव्हा मी फावडं टाकून मागं सरलो.

"आवं, पुन्हा तीच आली!" बायको ओरडली. "औषध वता, न्हाईतर खत फेकून द्या!"

मी काकांना बोलावून घेतलं. फाट्यापासून शेतापर्यंत ते कुत्र्यांच्या भीतीनं माझा दंड धरून चालले. ढिगाशी मात्र गुडघ्यांवर बसले.

"हुमणी जमिनीत राहते, जिवंत मुळं खाते. तिचा भुंगेरा कडुनिंबाचा पाला खातो," ते म्हणाले. "दुसरी एक खतात राहते, कुजलेलंच खाते. तिचा भुंगा फुलांवर बसतो. दिसायला सख्ख्या बहिणी."

गेल्या वर्षी वाळलेल्या पट्ट्यातून त्यांनी एक हुमणी उकरली, ढिगातली एक अळी घेतली, आणि दोघींना कडक जमिनीवर ठेवलं. हुमणी कुशीवर पडून पाय झाडत राहिली. ढिगातली अळी उलटली, पाय आभाळाकडे केले आणि सरळ पाठीवरच निघाली.

"अगं बाई, ही तर उताणीच पळायली!" बायको म्हणाली.

"ही खतातली," काका म्हणाले. पण मी खताची पाटी उचलली तशी त्यांनी माझा हात धरला.

"काका, घाबरलात कावून?"

"माझं चुकलं तर तुझा ऊस जाईल रे. आधी दोनच सऱ्यांत खत टाक."

मग ते घरी गेलेच नाहीत. महिनाभर रोज सकाळी खुरपं घेऊन त्या दोन सऱ्यांतली मुळं उकरून बघायचे. शेवटी पांढरीशुभ्र, धडधाकट मुळं मला दाखवली आणि बांधावर बसून लहान मुलासारखे रडले.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. ऊस चांगला येतो. पण माझ्या उसासाठी इतकं घाबरणारं माणूस पुन्हा मिळालं नाही.